पाकिटातली तपकिरी गोळी

प्रिय ठमे,

अक्षर पाहून कपाळाला आठ्या घालू नकोस. शिंपी असून ओळ वाकडी, असं म्हणशीलच. उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आता सरळ होत नाहीत, म्हणून पेनाला चिंधी गुंडाळून लिहितोय. दुकान चालू आहे. काजं शेजारचा कारागीर करून देतो आणि मेला माझ्यापेक्षा बरी करतो.

तुझ्या लग्नाआधी मी पित्ताच्या गोळ्या घ्यायचो, आठवतं? ते पित्त नव्हतं. मला कुष्ठरोग झाला होता. हा शब्द लिहिताना दोन कागद फाडले. शिवताना सुई बोटात रुतली, कापडावर रक्त उतरलं, तरी मला कळलं नाही, तेव्हा दवाखान्यात गेलो. सिस्टरने नीट समजावलं. वर्षभर औषध, दर महिन्याला नवं पाकीट, पहिल्या दिवसाचा डोस तिच्यासमोर, बाकीचे घरी. नेमाने घेतलं की रोग बरा होतो. मग तिने विचारलं, घरात कोण कोण आहे, त्यांनाही तपासायला हवं. मी म्हणालो, मी एकटाच. तुझी आई गेल्यापासून तूच माझं घर होतीस, आणि मी तुला एका शब्दात पुसून टाकलं.

रोजची एक पांढरी गोळी आणि एक तपकिरी. तपकिरीने कातडी काळवंडते. तुझ्या सासरची माणसं बोलणी करायला येणार होती. चेहऱ्याला काय झालं, असं कोणी विचारलं तर काय सांगायचं? म्हणून पाच महिने मी घरची तपकिरी गोळी बटणांच्या डब्यात टाकत राहिलो. रिकामं पाकीट पाहून सिस्टर शाबासकी द्यायची. अति शहाणा त्याचा बैल रिकामा! लग्न पार पडलं, फोटो छान आले आणि महिन्याभरात बोटं वळली. शेवटी तो डबा सिस्टरपुढे उपडा केला. ती रागावली नाही, तेच जास्त लागलं. पुन्हा पहिल्यापासून औषध घेतलं. रोग गेला, पण बोटं गेली ती गेलीच.

हे सगळं मी माझ्यासोबतच नेणार होतो. पण परवाच्या पत्रात तू गंमत म्हणून लिहिलंस, की तापलेलं पातेलं मनगटाला लागलं आणि तुला पत्ताच नाही, सासूबाईंनी फोड दाखवला तेव्हा कळलं. ती ओळ वाचून मी दुकान बंद केलं आणि खूप रडलो. त्या दिवशी खरं बोललो असतो तर तुला तेव्हाच तपासलं असतं. बाळा, उद्याच दवाखान्यात जा. कदाचित काही नसेलही. असलंच तर औषध आहे, आणि ते सुरू झालं की तुझ्यापासून कोणाला लागण व्हायची भीती राहत नाही. हे पत्र जावईबापूंना वाचायला दे. लोक काय म्हणतील याची काळजी मी तुझ्या वाटचीही करून बसलोय. त्यांनी दार लावलं तर सरळ इकडे ये. मला हवा तेवढा दोष दे, जन्मभर बोलू नकोस, पण आधी जा.

तुझाच अपराधी,
बाबा