पुण्याच्या साहेबाचं काम

१२ एप्रिल १९९५
हसून हसून पोट दुखलं! भूकंपानंतरची आमची नवी घरं बांधायला कंपनीनं पुण्याचा साहेब धाडलाय — प्रोजेक्ट मॅनेजर. काम काय? फिरायचं! गुलाम रसूल मिस्त्रीला विचारायचं, "भिंत कधी?" सुताराला विचारायचं, "चौकटी कधी?" मग ह्याचं त्याला सांगायचं. हे तर शेजारची पारूबाई रोज फुकट करती! वीट उचलत न्हाई, थापी धरत न्हाई — आन् बसायला खुर्ची.

१५ एप्रिल
सून शिल्पाचं माहेर भूकंपात गेलं, म्हणून बाळंतपण इथंच. नातवंड येणार — माझे पाय जमिनीवर न्हाईत! पण पत्र्याच्या शेडात, या उन्हात? साहेबाला म्हणलं, आमचं छप्पर आधी घाला. म्हणतो, "आजी, क्रमानं होईल." क्रम म्हणे! मेल्याला दुसरा शब्द येत न्हाई.

२० एप्रिल
साहेबाला कावीळ. पुण्याला गेला. कुणाचं काय अडतंय!

२७ एप्रिल
समदं बंद. गोदामात सिमेंट न्हाई. साहेबाची पाठ वळली आन् ज्यानं त्यानं आपल्या वाटणीच्या गोण्या नेऊन खाटेखाली घातल्या. व्हय, आमच्या बी खाटेखाली हायत. एक छप्पर होईल एवढं कुणाकडंच न्हाई. मिस्त्री बिडी ओढत बसलाय. "अम्मा, पहले बोरियां लाओ, फिर पूछो!"

२९ एप्रिल
दारोदार गेले. गोण्या काढा म्हणलं. जो तो विचारतो, "आधी कुणाचं घर?" पारूबाई फाडकन बोलली, "तुझंच असणार! सुनेचे दिवस भरलेत ना!" जिभेवर आलं होतं — व्हय, माझंच! पण मग गोणी कोण काढतंय? म्हणलं, "आधी तुझं. मग ओळीनं समद्यांचं. आमचं शेवटी."
पारूबाई खाली वाकली, गोणी ओढली.
शिल्पा माझ्याशी बोलत न्हाई.

११ मे
पारूबाईचं छप्पर झालं! सकाळी मिस्त्रीला विचारलं, पुढचं कधी? सुताराला विचारलं, चौकटी कधी? मिस्त्रीनं लगबगीनं बिडी विझवली. "आ गये साहब!" चावट मेला. हे काय काम हाय? पाय तेवढे दुखतात.

१९ मे
नात झाली! नात! पारूबाईच्या नव्या घरात. तिनंच शिल्पाला हाताला धरून नेलं. मला म्हणली, "तू बस तुझ्या पत्र्याखाली, साहेबीण!"

२ जून
साहेब परतला, पार वाळलेला. नातीला बघून म्हणला, "आजी, उद्याच तुमचं छप्पर घालतो."
म्हणलं, "क्रमानं होईल."