डावीकडे सोफा, उजवीकडे कोण

बाबा, आपल्या बिछायत केंद्राच्या ज्या भिंतीवर तुम्ही खडूनं उभी रेघ ओढायचात, तिच्यासमोर सध्या एक लाल मखमली सोफा उभा आहे. नवरानवरीनं बसायचा. पाठीवर सोनेरी मोर, हात टेकायला सिंहाची तोंडं. तुमच्या काळी नवरानवरी लोखंडी खुर्च्यांवर चादर टाकून बसायची आणि तरी संसार करायची. आता सिंहासन असल्याशिवाय कोणी अक्षता उचलत नाही. हा सोफा तुमच्या धाकट्यानं यंदाच्या हंगामासाठी घेतला. कशाच्या पैशानं घेतला, यावरून आम्हां बहीणभावांचं चांगलंच वाजलं, आणि निकाल तुमच्याच भिंतीवर लागला. म्हणून लिहिते आहे.

आधी भिंतीचं, त्या जुन्या दिवसांतलं. मी नववीत आहे. संस्कृतात वर्गात पहिली आले आहे आणि घरातलं कोणी ते विसरणार नाही याची काळजी घेते आहे. तुम्ही घरचा हातमाग विकून या मांडव-गाद्या भाड्यानं द्यायच्या धंद्यात आलात आणि सीताबर्डीच्या कुठल्याशा संध्याकाळच्या वर्गात हिशेब शिकून आलात. परीक्षेत नापास झालात, हे आईनं पुढे सांगितलं. तुम्ही कधीच नाही. गाद्यांच्या थप्पीवर मला बसवून तुम्ही म्हणता, "डावीकडं लिहायचं, काय हाय. उजवीकडं लिहायचं, कोणाचं हाय. बेरीज सारखी नाही आली तं समजायचं, आपण कोणाले तरी विसरलो." मी म्हणते, म्हणजे उजवीकडे सगळी षष्ठी विभक्ती. तुम्ही म्हणता, "असंल. तू खुर्च्या लिही."

स्वतःचे दहा हजार टाकले: डावीकडे रोख दहा, उजवीकडे भांडवल दहा. त्यातून सहा हजारांच्या खुर्च्या घेतल्या: डावीकडे रोख चार, खुर्च्या सहा, उजवीकडे काहीच हललं नाही. मला ते फार आवडलं. एवढा खर्च करूनही माणूस गरीब होत नाही म्हणजे बघा. मग उधारीवर तीन हजारांचे मोठे गंज, म्हणजे स्वयंपाकाची पातेली, आणले: डावीकडे तेरा, उजवीकडे देणं तीन, भांडवल दहा. मग एका लग्नघरचा दोन हजार ॲडव्हान्स आला. डावीकडे पंधरा. मी ऐटीत भांडवलाचे दहा पुसले आणि बारा लिहिले. तुम्ही रागावला असतात तर सोपं गेलं असतं. तुम्ही नुसतं विचारलंत, "लग्न लागलं काय वं?"

"नाही अजून."

"मंग हे पैसे कोणाचे?"

तुम्ही माझे बारा पुसून दहा केलेत आणि देण्यातले तीन पुसून पाच. "मुलीच्या बापाचे. आपल्याजवळ ठेवाले देले त्यानं." त्यानंतर मी तुम्हाला कित्येक लग्नांत पाहिलं. वऱ्हाड निघून जायचं, मांडव उतरायचा, शेवटचा गंज मोजून आत यायचा, तेव्हा कुठे तुम्ही त्या घरचा आकडा देण्यातून पुसून भांडवलात घालायचात. मजुरी दिली की भांडवलातून तेवढं वजाही करायचात. मगच हात धुवून जेवायला बसायचात. आई म्हणायची, मुलीचे आईबापही इतका वेळ उपाशी राहत नाहीत.

आता आजचं. मनीषनगरचे एक गृहस्थ, खापरखेड्याच्या वीज केंद्रात नोकरीला आहेत, त्यांच्या मुलीचं लग्न आपल्याकडे ठरलं होतं. पंचवीस हजार ॲडव्हान्स देऊन गेले होते. गेल्या आठवड्यात ते परत आले. रविवार होता, मी धाकट्याला डबा द्यायला आले होते. धाकट्यानं सवयीनं सोफ्याकडे हात केला, "बसा ना, काका." ते बसले नाहीत. कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "हा तं पोरीनंच पसंत केला होता." मग खाली बघून म्हणाले, "लग्न मोडलं जी. त्यायच्याकडून. तारीख दुसऱ्या कोणाले द्यायची असंल तं देऊन टाका. पैशातून जे कापायचं ते कापा." मी त्यांना पाणी दिलं. धाकटा म्हणाला, "पाहतो, काका." ते गेले.

"पाहतो म्हणजे काय?" मी विचारलं.

"ताई, बिलाच्या खाली छापलं हाय, ॲडव्हान्स वापस मिळणार नाही."

"कोणी छापलं?"

"मीच."

"मांडव घातला? माणसं लावली? एक गादी तरी हलली?"

"नाही. पण पैसे हायेत कुठं? सोफ्यात गेले ना. सीझन चांगला झाला म्हणून तं घेतला."

"सीझन झाला कधी? लग्नं तर पुढच्या महिन्यापासून आहेत."

"तू शाळेतल्या पोरायले शिकव. मले काहून शिकवून राहिली?"

"शाळेतली पोरं काहून म्हणून विचारत नाहीत. कंटाळा येतो."

मी खडू शोधला. मिळाला नाही, शाळेतल्या बाईच्या पर्समध्ये मात्र तो असतोच. तुमची रेघ कधीच चुन्याखाली गेली आहे, मी नवी ओढली. डावीकडे त्यानंच सांगितलेलं लिहिलं: खुर्च्या, गाद्या, गंज, सोफा, थोडीशी रोख. उजवीकडे, ज्यांचं लग्न अजून लागलेलं नाही अशा एकेका घराचा ॲडव्हान्स देण्याखाली लिहीत गेले. एक एक नाव तो सांगत होता, आणि प्रत्येक नावाला त्याचा आवाज थोडा खाली येत होता. नावांखाली भांडवलाला हंगामाआधी होतं तेवढंच उरलं, तेव्हा त्यानं बेरीज पुन्हा एकदा करून पाहिली. मग म्हणाला, "म्हणजे मी कमावलं काहीच नाही?"

"अजून नाही. कमावशील. सगळी लग्नं नीट पार पाड, मग एकेक नाव खाली भांडवलात उतरव. पण हे एक लग्न लागणारच नाही, तर ते पैसे आपले होणार तरी कसे?"

"द्यायचे कुठून?"

ते मी आधीच ठरवून ठेवलं होतं, असं म्हटलं तर खोटं होईल. मी तिथेच ठरवलं. दुसऱ्या दिवशी बँकेतून माझे पंचवीस हजार काढले आणि भिंतीवर मांडले: डावीकडे रोख पंचवीस वाढली, उजवीकडे देण्यात माझं नाव वाढलं. धाकटा म्हणाला, "देण्यात? मले वाटलं, तू भांडवलात टाकशील." मी म्हटलं, भागीदार व्हायची मला हौस नाही, हंगाम संपला की परत घेणार, आणि हौस झालीच तर व्याजही मागेन. मग त्याला मनीषनगरला पाठवलं. जाताना तो कुरकुरला, आल्यावर "मोजले नाहीत त्यायनं," एवढंच म्हणाला, आणि स्वतःच्या हातानं रोख पंचवीसनं कमी केली, देण्यातलं ते नाव पुसलं. बिलाखालची ओळही पुढच्या छपाईत जाणार आहे. म्हणजे, मी घालवणार आहे. दर रविवारी येऊन ही भिंत तपासणार आहे, त्याला आवडो न आवडो. शेवटचा गंज मोजून आत आल्याशिवाय या केंद्रात कोणाचाही ॲडव्हान्स कमाईत जाणार नाही. तुम्ही नापास झालात, बाबा, पण पुनर्परीक्षेला मी बसले आहे.

हे पत्र पाठवायची काही सोय नाही, ते घडी घालून गाद्यांच्या थप्पीत सरकवून देईन. एवढं एक सांगून थांबते. सोफ्यावरून मी धाकट्याला भलतंच बोलले होते: ढोंग, दिखाऊपणा, आणि एक संस्कृत शब्द, ज्याचा अर्थ त्यानं विचारला नाही हे बरं. आज तो जेवायला गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि हे सगळं त्या सोफ्यावरच बसून लिहिलं. मोर पाठीला टोचतो, पण आरामशीर आहे. त्याला सांगणार नाही. उजवीकडे आता थोडं माझं नाव आहे ना. तेवढ्याच कोपऱ्यात बसले आहे.