तपासणीपुरती नीट गाडी

३ जून, सकाळी ९.४०
मागचा ट्रक अजून हॉर्न वाजवतो आहे. गाडी पुलाच्या मधोमध बंद. सहा महिन्यांत चौथ्यांदा. वेळेची नोंद व्हावी म्हणून इथेच लिहितो आहे. बायको म्हणते, वही ठेव आणि आधी मला खाली उतरव. आठवा महिना संपत आला, म्हणून घाबरते. मी शांत. अक्षर हलतं आहे ते उन्हामुळे.

४ जून
शोरूमचा मॅनेजर म्हणाला, सर, इथे येते तेव्हा गाडी चालूच असते, बंद पडलेली दाखवा. मी विचारलं, बंद पडलेली इथवर येईल कशी? तो हसला, पण ओशाळून.

९ जून
मार्चमध्ये ग्राहक आयोगाकडे केलेल्या तक्रारीवर हुकूम आला. तज्ज्ञ १९ तारखेला गाडी चालवून बघणार. दोष कारखान्यातला निघाला की कंपनीला नवी गाडी द्यावी लागेल. बाळ नव्या गाडीतून घरी येईल, असं बायकोला सांगून टाकलं. तिने विचारलं, आणि मी दवाखान्यात कशातून जाऊ? दवाखाना पुलापलीकडे आहे. तिला बारीकसारीक गोष्टींत अडकायची सवयच आहे.

११ जून
वरच्या मजल्यावरचे वकील जिन्यात भेटले. म्हणाले, आता गाडीला कुणाचा हात लागू देऊ नका, तिचं दुखणं हाच तुमचा पुरावा. फुकटचा सल्ला.

१७ जून
गाडी फार मळलेली दिसते. तज्ज्ञ म्हणेल, मालकानेच हयगय केली. हयगयीला वॉरंटी नसते. कायदा मी वाचला आहे. कोपऱ्यावरच्या गॅरेजात नेली, फक्त पुसून घ्यायला. गॅरेजवाल्याने आपणहून बॉनेट उघडलं. म्हणाला, साहेब, आतला वायरीचा जोड ढिला आहे, कंपनीतूनच तसा आलेला दिसतोय, तात्पुरती टेप मारू का? म्हटलं, मार बाबा, चारचौघांत शोभा नको.

१९ जून
तज्ज्ञाने साठ किलोमीटर चालवली. पुलावरून सहा फेऱ्या. एकदाही अडली नाही. मी मागे बसून देवाला विनवत होतो. बंद पड म्हणून की पडू नकोस म्हणून, ते आता आठवत नाही. शेवटी शेवटी अभिमान वाटला.

२६ जून
अहवाल आला. मूळचा दोष आढळला नाही. वाहनाची निगा उत्तम. दुसरं वाक्य बायकोला दोनदा वाचून दाखवलं. तिने चष्मा काढून विचारलं, टेपचं त्यांना सांगितलंस? वकील म्हणाले, रोग्याला बरं करून तपासायला नेलंत, धन्य आहात. मॅनेजरने फोन करून अभिनंदन केलं. तक्रार फेटाळली जाणार असं सगळे धरून चाललेत. मी नाही. अपील असतं.

२७ जून, संध्याकाळ
बायकोने बॅग भरली. पाठीत कळ येते म्हणाली. मी म्हटलं, काळजी कसली, गाडी ठणठणीत आहे, सरकारी कागद आहे तसा. तिने वडिलांना फोन लावला. मी दोनदा घसा खाकरला. ती खिडकीकडे तोंड करून बोलत राहिली.

२८ जून
सकाळी सहाला सासरे त्यांची चौदा वर्षांची गाडी घेऊन आले. बायको मागे बसली. आमची गाडी फाटकात आडवी होती. काढायला गेलो, सुरू झाली नाही. सासऱ्यांनी आणि मी ती ढकलून बाजूला केली. मग मी त्यांच्या शेजारी बसलो. त्यांच्या गाडीने पूल एका दमात ओलांडला.