जागची हलू नकोस

३ मार्च १९९७
आलो बाई एकदाचे नागापूरला. ह्यांना एमआयडीसीत कायमची नोकरी लागली आणि कडूबाईंच्या मळ्यात, त्यांच्याच घरातल्या दोन खोल्या भाड्यानं मिळाल्या. इथं संध्याकाळी लाईट जाते म्हणे. म्हणून टेम्पोतलं सामान लावायच्या आधी मी कंदिलाची काच राखेनं घासली, वात कातरली, रॉकेल भरलं. काडेपेटी अशी ठेवली की अंधारात हात थेट जावा. हंडे-कळशाही भरल्या. हे हसले, म्हणाले, लढाई लागलीय का? हसू देत. तहान लागल्यावर विहीर खणणारी मी नाही.

लेकीला, सायलीलाही पढवलंय. लाईट गेली की जागची हलू नकोस, नुसती हाक मार, मी कंदील घेऊन येते.

७ मार्च
लाईट गेली. सायली मागच्या पडवीत होती. मी जाईपर्यंत जागची हलली नाही, गुणाची माझी बाय. कौतुकानं कडूबाईंना सांगितलं, तर त्यांचा चेहरा उतरला. म्हणाल्या, लेकराला असं कदी सांगू न्हाई. आणि स्वतःचा कंदील घेऊन पडवीत जाऊन बसल्या. लाईट गेली की रोजच बसतात. म्हातारीचं काहीतरी वेगळंच.

१५ मार्च
आज कडूबाई बोलल्या. त्यांची लेक बनू त्या पडवीतच दगावली, सायलीएवढीच होती. लाईट गेली तेव्हा त्यांनी आतून सांगितलं, हलू नको, आले. कंदिलात रॉकेल नव्हतं. शेजारून आणेस्तोवर पोरीला साप डसला होता. तरी ती उभीच. आईनं सांगितलं होतं ना. म्हणून अजून रोज कंदील नेतात, आले गं बनू म्हणतात. दोघी खूप रडलो. रात्री जेवण गेलं नाही.

२३ मार्च
कडूबाई दवाखान्यात वारल्या. परवा तापात तिकडं नेताना मला म्हणाल्या होत्या, पडवीत कंदील नेत जा. मला भीती वाटते. नेला नाही.

२६ मार्च
सायली म्हणते, पडवीत एक ताई उभी असते, तिची आई येतच नाही. मी म्हटलं, आता लाईट गेली की पळत माझ्याकडं यायचं. तर नाही म्हणून मान हलवते. ताई म्हणते, आईचं ऐकायचं असतं.

२९ मार्च
लाईट गेली. हे दुसऱ्या पाळीला. पडवीतून आई, आई — दोन आवाज. मी धावले, कंदील न घेताच. एवढी तयारी करणारी मी. हाताला लागली ती उचलली, आत आणली, दार लावून घेतलं.

आता कंदील लावलाय. मांडीवर आहे. तोंड माझ्या पदरात. अंग गार, फार गार —

पडवीतून सायली म्हणतेय, आई, मी हलले नाही.

मांडीवरची उठू देत नाही. तिचा हात माझ्या तोंडावर आहे, हाक मारता येत नाही. पोरीला अजून वाचता येत नाही, तरी लिहिते. सायली, माझं ऐकू नकोस. हल. बाळा, तिथून ह