फाशी गेलेल्या माणसाचं पान

सर्वपित्री अमावस्या, हवल्ली

आमचे खापरपणजोबा कंपनी सरकारचे वकील. साहेबाच्या कोर्टात त्यांनी एका बंडवाल्याला फाशीपर्यंत नेलं, आणि त्या वर्षापासून सर्वपित्रीला पितरांशेजारी त्याचंही पान वाढायला लावलं. का, ते कधी बोलले नाहीत. पश्चात्ताप? की नुसती भीती? नोकरी मात्र सोडली नाही.

आज ते पान मी गॅलरीत ठेवलं. खीर, वडे, भात. कावळा कुठला इथे आखातात, कबुतरंच.

नातीने विचारलं, "आजोबा, हे एक्स्ट्रा कोणासाठी?"

सांगितलं. तर म्हणते, "व्हॉट वॉज हिज नेम?"

शाळेतल्या कविता अजून चालीसकट पाठ आहेत मला. ते नाव मात्र घरात कुणी घेतलंच नाही.

चिरंजीव लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाले, "बाबा, त्यांनी त्यांची ड्यूटी केली. तुम्ही आहात तोवर ठेवा. नंतर आमच्याकडून नाही होणार."

रागावलो नाही. खोटं बोलला नाही तो. खापरपणजोबांचं नाव वंशावळीत तरी राहील. पण ह्याचं पान?

दिवेलागणीला पुन्हा गॅलरीत गेलो. हात जोडून म्हणालो, "अहो, पोटभर जेवा. पुढचं काही सांगता येत नाही."