घटक : ते सांगायचं नसतं

ती. आत्यास,

तुझ्या भाच्याचा वाकून नमस्कार. (पेट्या उचलून पाठ आधीच वाकलेली असते, त्यामुळे वेगळं वाकावं लागत नाही. पण नमस्कार मनापासूनचा आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? जिना उतरताना अजून वाजतात का, की आतोबांनाच हल्ली ऐकू येत नाही? आतोबांना सांग, त्यांनी दिलेला स्वेटर मी रोज घालतो. आमचं गोदाम बाराही महिने गार असतं, आणि माल उतरवायचं दार दिवसभर सताड उघडं, त्यामुळे वारा आधी माझ्या अंगातून जातो आणि मग मालाला लागतो. दोन्ही वहिनींनाही नमस्कार. मी खुशाल आहे. नोकरीही अजून आहे. ‘अजून’ हा शब्द मुद्दाम घातलाय, त्याचं कारण लगेचच येतंय.

तुझ्या साबणाच्या पेट्या पोचल्या. पोचल्या म्हणजे दारापर्यंत पोचल्या, आत गेलेल्या नाहीत. भिंतीवर ‘अडकलेला माल’ अशी पाटी लावलेला एक कोपरा आहे, तिथे त्या सध्या एका चाक नसलेल्या सायकलीच्या शेजारी बसल्यात. त्यांची माहिती पुरी झाली तर त्या फळीवर चढतील आणि तिथून गावोगावच्या दुकानांत जातील. नाही झाली, तर परतीच्या गाडीत चढतील. आणि हा साबण घ्या म्हणून खरेदीवाल्यांपुढे छाती ठोकून कोण उभं होतं, हे तुला ठाऊकच आहे. पेट्या परत गेल्या, तर त्यानंतर या इमारतीत मी ‘बाहेर ऊन पडलंय’ म्हटलं तरी लोक खिडकीतून खात्री करून घेतील. पण तू काळजी करू नकोस. सगळं माझ्या हातात आहे, फक्त थोडंसं तुझ्या हातात आहे.

झालं असं. तुझा माल आला तेव्हा माल उतरवायच्या धक्क्यावर आमचा मुकादम हजर होता. त्याला सगळे शंकासूर म्हणतात. हा माणूस पावसात भिजला तरी आधी हात लावून बघतो, हे पाणीच आहे ना. मी त्याला आठवडाभर आधीपासून सांगून ठेवलेलं, की माझ्या आत्याचा माल येतोय, एकदम कायदेशीर, नंबरबिंबर रीतसर घेतलेला. आणि नंबर तू रीतसर घेतलेलाच होतास, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. मी ऐटीत रेघा वाचायचं यंत्र उचललं आणि पेटीवर तुझ्या फोटोशेजारी छापलेल्या रेघांवर त्याचा उजेड टाकला. यंत्र गप्प. मी रेघा बाहीनं पुसल्या, पेटी तिरकी केली, स्वतः तिरका झालो, फुंकर मारली. काही नाही. मग मी यंत्रालाच दोष दिला आणि दुसरं आणलं. तेही गप्प. तोवर मागे तीन गाड्या खोळंबल्या होत्या आणि त्यांचे ड्रायव्हर खाली उतरून, भांडण लागल्यावर जमतात तसे, कडं करून उभे होते. शंकासूर शांतपणे म्हणाला, “तुझी आत्या दिसते, रेघा दिसतात, फक्त यंत्राला दिसत नाहीत. म्हणजे चूक यंत्राची.”

आत्या, तू रेघा लाल छापल्यास. का छापल्यास हे तू मागच्या पत्रात लिहिलं होतंस, आणि मी ते हसून सोडून दिलं होतं. (काळ्या रेघा तुरुंगाच्या गजांसारख्या दिसतात, आणि त्यांच्या शेजारी माझा फोटो म्हणजे मीच आत बसल्यासारखी वाटते, असं तुझं म्हणणं.) म्हणणं बरोबर आहे. पण यंत्राचा उजेडही लाल असतो. लाल उजेडाला लाल रेघ दिसतच नाही, त्याला ती पांढऱ्यावर पांढरी. शिवाय रेघांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडायची असते, रेघा कुठे सुरू झाल्या आणि कुठे संपल्या हे यंत्राला कळावं म्हणून. ती जागा बोडकी दिसते म्हणून तिथे तू वेलबुट्टी काढलीस. वेल फार सुंदर आहे. एका ड्रायव्हरनं मुद्दाम विचारलं, हे कुणी काढलं. पण यंत्राच्या दृष्टीनं तू दार रंगवता रंगवता कडीच रंगात बुडवलीस.

मी हार मानणारा नाही. रेघांखाली आकडे होते, ते मी हातानं दाबायला घेतले. (शाळेनं मला लवकर सोडलं हे खरं, पण आकडे आणि मी एकमेकांना ओळखतो.) गडबडीत एक आकडा चुकीचा दाबला, तर संगणकानं तिथल्या तिथे तो नंबर नाकारला. मी थक्क. त्याला कसं कळलं? तेव्हा माहितीवालीनं सांगितलं. माहितीवाली म्हणजे आमच्याकडे प्रत्येक मालाची माहिती भरून घेणारी मुलगी, काचेच्या खोलीत बसते, आणि तिच्या टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीनुसार लावलेल्या असतात. ती म्हणाली, शेवटचा आकडा हा आधीच्या सगळ्यांच्या हिशेबातून निघतो, तो बाकीच्यांवर पहारा ठेवायला बसवलेला असतो. म्हणजे घरातल्या धाकट्या मुलासारखा : कुणी काय केलं ते लगेच आईला सांगतो. मी हे तिला म्हणून दाखवलं. ती हसली नाही, पण पेन्सिल खाली ठेवली.

मग बाकीची माहिती भरायला तिनं तुला फोन लावला. आता एक गोष्ट तुला सांगायला हवी. तो फोन स्पीकरवर होता. काचेच्या खोलीचं दार उघडं होतं, आणि तुझा आवाज तुला माहीत आहे. तू त्या मुलीशी एकटीशी बोलत नव्हतीस, तू अख्ख्या धक्क्याशी बोलत होतीस. खोळंबलेले तिन्ही ड्रायव्हर आपापल्या गाड्या विसरून दारात उभे होते.

तिनं विचारलं, साबणाची पुढची बाजू कोणती. तू म्हणालीस, “माझा चेहरा आहे ती. मी कुणाकडे पाठ करून बसत नाही.” (हे उत्तर नियमाप्रमाणे अगदी बरोबर निघालं. गिऱ्हाइकाला जी बाजू दाखवायची ती पुढची, आणि उंची-रुंदी तिच्यावरूनच मोजायची, म्हणजे जगात कुठेही मोजली तरी तीच येते.) मग वजन. तू विचारलंस, ओला असतानाचं की वाळल्यावरचं. ती म्हणाली, विकताना असतं ते. तू म्हणालीस, “मग तुमच्याकडची हवा कशी आहे ते आधी सांग.” टिकतो किती? “आमचे हे आंघोळीला गेले तर आठवडा. सून गेली तर महिना.” इथे एक ड्रायव्हर भिंतीला टेकून हसायला लागला. माहितीवालीचा चेहरा मात्र तसाच, आणि बोटं चाललेली. तिची पद्धत अशी, की माल बनवणारा सांगेल ते जसंच्या तसं लिहायचं, आपल्या मनाचं काही घालायचं नाही.

शेवटी घटक. तू म्हणालीस तेल. कुठलं? चांगलं. आणखी? क्षार, पाणी. आणखी? “आहे ना आणखी.” काय? “ते सांगायचं नसतं.” तिनं तेही लिहिलं. पडद्यावर आलं : तेल (चांगलं), क्षार, पाणी, ते सांगायचं नसतं. आणि संगणकानं त्याच्याखाली उत्तर दिलं, असा घटक नोंदीत सापडत नाही.

त्या मुलीनं तुला नीट समजावलं, हे तू मान्य कर. कुणाच्या अंगाला एखादी गोष्ट सोसत नसेल तर त्याला आधी कळायला हवं, म्हणून विचारतो, असं म्हणाली. त्यावर तू म्हणालीस, “पोरी, ते फक्त घरातल्या बायकांना माहीत आहे. सुनांना सांगितलंय, बाहेर सांगत नाही. आणि भाच्याला विचारू नकोस. त्याला सांगितलं असतं तर तुला आत्तापर्यंत तिघांकडून कळलं असतं.” आणि फोन ठेवलास. आत्या, सगळा धक्का माझ्याकडे बघत होता. मी बूट बघत होतो.

तुझं मत मला माहीत आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपल्या गल्लीत ते चालतं, कारण साबणानं कुणाला खाज सुटली तर तो थेट तुझ्या दारात येतो, तू त्याला खुर्ची देतेस आणि उलट त्यालाच विचारतेस की तू आंघोळ नीट केलीस का. पण इथला माल जिथे जातो तिथे तुझं दार नाही. तिथे दार म्हणजे तो नंबर. परवाच एका मोठ्या नावाच्या शाम्पूची तक्रार आली, फेसच होत नाही म्हणून. त्यावर मालाचा नंबर होता, कुठल्या घाण्यातला, म्हणजे कुठल्या वेळी एकत्र बनलेला, त्याचाही नंबर होता. शंकासुरानं तेवढ्याच पेट्या कुठल्या दुकानात गेल्यात ते बघितलं, तेवढ्याच परत बोलावल्या, बाकीचा शाम्पू जागचा हललासुद्धा नाही. आणि त्याच सुमारास एका मेणबत्तीवाल्याची एक पेटी धूर करणारी निघाली. घाण्याचा नंबर नाही, म्हणून त्याच्या सगळ्याच मेणबत्त्या फळीवरून उतरवल्या. चांगल्या, वाईट, सगळ्या. बिचारा दारात उभा राहून शपथा घेत होता. यंत्राला शपथ वाचता येत नाही.

आता शंकासुराची गंमत ऐक. वाटेत एक पेटी फाटली होती, त्यातल्या एका वडीनं त्यानं हात धुतले. (तपासणी म्हणून. तो असंच म्हणतो.) वर्षानुवर्षं पुठ्ठा हाताळून त्याचे तळहात खवल्यांसारखे झालेत. दुसऱ्या दिवशी तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, “तो कालचा साबण दे.” मी दुसरी वडी दिली. संध्याकाळी परत. “हा तो नाही. तो मऊ होता, हा भांडखोर आहे. तोच दे.” आता तोच कुठून देऊ? वड्यांवर कुठेच खूण नाही. आणि तुझा साबण कधी मऊ होतो आणि कधी भांडखोर, हे मला माहीत आहे, पण ‘त्या दिवशी धाकट्या वहिनीशी वाजलं असणार’ हे मी मुकादमाला कसं सांगणार? तो म्हणाला, “माल चांगला आहे. पण पुढच्या खेपेला हाच येईल याची हमी काय?” मी म्हटलं, पाकिटावर माझ्या आत्याचा चेहरा आहे, तीच हमी. तो म्हणाला, “चेहरा रोज सारखा असतो का?” मी तुला डोळ्यांपुढे आणलं आणि पेट्या मोजायला घेतल्या.

तर थोडक्यात सांगतो, आणि यातलं मी सगळं व्यवस्थित जमवून आणलंय. रेघा काळ्या कर. फोटो लांब सरकव, म्हणजे तू बाहेर आणि गज दुसरीकडे. वेल पाकिटाच्या मागच्या बाजूला काढ, तिथे जागाच जागा आहे. आंघोळीच्या साबणाला एक नंबर, कपड्यांच्या साबणाला दुसरा, पेटीला तिसरा. (सध्या तिन्हींवर एकच नंबर आहे. सगळी माझीच लेकरं म्हणून सगळ्यांना एकच हाक मारलीस तर ओ कोण देणार?) प्रत्येक घाण्यावर त्याची तारीख टाक. आणि तो घटक पत्र मिळताच उलट टपाली कळव. मला नको, थेट माहितीवालीला. मी हमी देतो, ती तोंडातून शब्द बाहेर काढणार नाही. नियमाला आवश्यक तेवढंच पाकिटावर येईल, प्रमाण तुझं तुझ्याकडे. जगात कुठेही कुणी तुझा साबण हातात घेतला, तर तो तुझाच आहे हे त्याला कळेल, आणि तू तिथे नसताना कळेल. हे तुझ्या चेहऱ्यालाही आजवर जमलेलं नाही. रागावू नकोस.

गुडघ्यांना जप. आतोबांना आठवडाभराच्या साबणात दोन आठवडे भागवायला सांग.

तुझा, सध्या धक्क्यावरचा,
भाचा

ता. क. पेट्या परत जातील म्हणून घाबरून जाऊ नकोस. शंकासुरानं अडकलेल्या मालाच्या कोपऱ्याला कुलूप लावलंय आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवलीय. म्हणतो, चौकशी पुरी झाल्याशिवाय एकही पेटी हलणार नाही. त्याचे तळहात आता बरेच माणसासारखे दिसतात. चौकशीला तो घाई करेलसं वाटत नाही.

आणखी एक. पत्र लिहून झाल्यावर कळलं, की उलट टपाली कळवलेलं चालत नाही. माल पहिल्यांदा येत असेल आणि माहिती अपुरी असेल, तर माहिती घेणाऱ्यानं स्वतः जाऊन, बनवणाऱ्याच्या समोर बसून, भांडी-घाणा बघून ती लिहायची असते. म्हणजे माहितीवाली तुझ्याकडे येणार. बरोबर गोदामातला एक माणूस लागतो. पुष्कळांनी हात वर केले होते, पण पत्ता मलाच नीट माहीत आहे. प्रवास लांबचा आहे आणि गाडीत शेजारी शेजारी बसावं लागतं.

शेवटचं. ताकाला जाऊन भांडं लपवू नये म्हणून सरळ लिहितो. वर मी जे ‘पत्र मिळताच कळव’ वगैरे लिहिलंय, ते जरा बाजूला ठेव. तुझा नियम तू अजिबात मोडू नकोस. घरातल्या बाईशिवाय कुणाला सांगायचं नाही म्हणजे नाही. ती समोर बसेल, पेन्सिल काढेल, तेव्हा पहिल्या खेपेला फार तर तेल कुठलं तेवढं सांग. दुसऱ्या खेपेला क्षाराचं. आणि ‘ते’, ती तुझ्या नियमात बसेल तेव्हा. गडबड करू नकोस. तिला यातलं काही माहीत नाही, मीही अजून काही विचारलेलं नाही. एकूण घटक किती आहेत, तेवढं मात्र मला आधी कळव. जास्त असतील तर बरं.