अकोल्याच्या प्रयोगातलं ते वाक्य

जळगाव जामोद

प्रिय निवू,

काल टीव्हीवर तुझी मुलाखत पाहिली. केस पांढरेच ठेवलेस ते बरं केलंस, बाई! शेजारच्या अन्नपूर्णाबाई विचारत होत्या, ही खरंच तुमच्या वर्गात होती का हो? म्हटलं, हाव, माझ्या डब्यातला ठेचा खाऊनच एवढी मोठी झाली.

मुंबईतली पहिली चार वर्षं तुला मोलकरणीच्याच भूमिका मिळायच्या आणि तू पत्रांतून रडायचीस. मग नाटक चाललं, सिनेमे आले. ज्या 'मले-तुले'वर लोक हसायचे, ते तू पडद्यावर ताठ मानेनं बोललीस. मी थिएटरात पदर डोळ्यांना लावून बसले होते.

पण काल तू पुन्हा अकोल्याच्या नाट्यस्पर्धेचं सांगितलंस. नाटकात दहा वर्षांनी नवरा दारात येतो, आणि तू एक शब्द न बोलता त्याच्याकडे बघत राहतेस. त्या शांततेलाच पहिलं बक्षीस मिळालं, तिथूनच तुला मुंबईचं बोलावणं आलं. वाक्य आठवत नव्हतं, हेही तू हसत कबूल केलंस. आणि म्हणालीस, विंगेत माझी सुलभा प्रॉम्प्टिंगची वही घेऊन होती. इथं शब्द नको हे तिनं ओळखलं आणि ती गप्प राहिली. माझी पहिली गुरू तीच.

निवू, मी काही ओळखलं-बिळखलं नव्हतं. ती भूमिका आधी माझी होती. दोन महिने भाकरी थापताना, धुणं धुताना मी ती पाठ केली होती. मग नाटक बसवणाऱ्या माणिकराव सरांनी, माझा आवाज मागच्या रांगेपर्यंत जात नाही म्हणून, ती तुला दिली आणि माझ्या हाती वही. त्या दिवशी तू अडलीस, विंगेकडे पाहिलंस. वाक्य माझ्या ओठांवर होतं, वहीत बघायचीही गरज नव्हती. मी ओठ मिटून घेतले. होऊ दे हिची फजिती, म्हटलं, चारचौघांत होऊ दे. झाली नाही, ते तुझं कसब. पडदा पडल्यावर तू धावत येऊन माझ्या गळ्यात पडलीस, आणि मी निर्लज्जासारखी तुझी पाठ थोपटली. तेव्हापासून हा मान फुकटचा खाते आहे.

रविवारी इथं तुझा सत्कार. मंडळाची अर्पिता सांगून गेली, हार सुलभाताईंच्याच हातून हवा असं तू बजावलंयस. गावासमोर तू मला गुरू म्हणायचं आणि मी हसत उभं राहायचं, हे माझ्यानं होणार नाही, म्हणून आधीच लिहिते आहे. राग आला तर फोन करून शिव्या दे, अस्सल आपल्या बोलीत दे. स्टेजवर येऊ नको म्हणालीस तर मागच्या रांगेत बसेन. पण येईन जरूर. त्या दिवशी तू फार सुंदर काम केलंस, आणि हे मी तुला अजून एकदाही सांगितलेलं नाही.

तुझीच,
सुलभा